चालत्या यंत्रातील नेमणुका : एक प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली नावाचे एक लहानसे आदिवासीबहुल गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग, श्रीमती सोनिया गांधी आणि विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे अध्यक्ष नंदन नीलेकणी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक याच गावच्या रहिवाशांना देण्यात आले, आणि ज्या गावाचे नाव जिल्ह्याबाहेर क्वचितच कोणी घेतले असेल ते एका दिवसात सरकारी इतिहासात दाखल झाले. पुढे त्या गावच्या पदरात काय पडले, तेथील लोकांच्या रोजीरोटीच्या विवंचना कितपत मिटल्या, याविषयी वृत्तपत्रांनी नंतरच्या वर्षांत जे लिहिले ते फारसे समाधानकारक नव्हते. तो विचार महत्त्वाचा खरा, पण प्रस्तुत पुस्तकाच्या कक्षेबाहेरचा. येथे आपल्याला पाहावयाचे आहे ते त्या क्रमांकांमागील यंत्रणेचे एक अंग, जे समारंभाच्या छायाचित्रांत कोठेही दिसत नाही आणि ज्याच्यावाचून तो समारंभ एका गावापुरताच राहिला असता.

एका माणसाची नोंदणी म्हणजे दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा, चेहऱ्याचे छायाचित्र आणि नाव, पत्ता, वय इत्यादी मजकूर यांचे एक गाठोडे. नोंदणी केंद्रावरील संगणकातच ते सांकेतिक पद्धतीने मोहोरबंद केले जाते आणि त्याचे आकारमान सुमारे पाच मेगाबाइट भरते. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील सातपुड्याच्या पाड्यांवर, जेथे मोबाइलची रेंज एका टेकाडावर सापडते आणि पुढच्या उतारावर हरवते, तेथून असे गाठोडे तत्क्षणी मध्यवर्ती भांडाराकडे रवाना होईल अशी अपेक्षा करणे व्यर्थच होते. म्हणून संपर्क नसतानाही नोंदणी चालावी, गाठोडी साठत राहावीत आणि संपर्क मिळताच ती पुढे जावीत, अशीच रचना आरंभापासून ठेवण्यात आली. गाठोडे पोचल्यावर ते तपासणे, त्यातील ठसे पूर्वीच्या सर्व नोंदींशी ताडून हाच मनुष्य आधी कोठे नोंदला गेलेला नाही याची खात्री करणे, क्रमांक देणे, पत्र छापावयास धाडणे, असे एकामागून एक टप्पे लागतात. त्यांतील काही क्षणार्धात उरकतात, काहींना पुष्कळ वेळ लागतो, आणि ऐन भराच्या काळात तर दिवसाकाठी दहा लाखांच्या घरात गाठोडी दारात येऊन उभी राहत. अशा वेळी प्रत्येक टप्प्याने मागच्या टप्प्याचा हात धरून उभे राहावयाचे ठरवले तर सर्वांत मंद टप्पा सर्वांना खोळंबून ठेवील. ही व्यवस्था मुख्यतः जावा भाषेत उभारली गेली, तिचे टप्पे परस्परांपासून अलग राखण्यात आले आणि त्यांना जोडण्यासाठी संदेशांच्या रांगा, म्हणजे मेसेज क्यू, वापरण्यात आल्या. त्यासाठी निवडलेले साधन रॅबिटएमक्यू हे होते.

रांगेचे तत्त्व आपल्याकडील जुन्या कचेऱ्यांना अपरिचित नाही. मामलेदार कचेरीत आलेला प्रत्येक कागद प्रथम बारनिशीत चढे, त्यास आवक क्रमांक पडे, आणि मग तो संबंधित कारकुनाच्या टेबलावर जाई. अर्जदाराला कारकुनाची ओळख असण्याचे कारण नसे, कारकून रजेवर असला तरी कागद गहाळ होत नसे, आणि काम निकालात निघाल्याचा शेरा पडेपर्यंत तो कागद कचेरीच्या लेखी जिवंत राही. संगणकीय व्यवस्थेत बारनिशीचे काम ब्रोकर नावाचा कार्यक्रम करतो. पाठवणारा संदेश रांगेत ठेवून मोकळा होतो. रांगेशी बसून संदेश उचलणारा, त्यावर काम करणारा आणि शेवटी पोच देणारा जो कार्यक्रमाचा भाग, तो लिसनर.

आता प्रश्न असा की हा लिसनर नेमावयाचा कोणी आणि केव्हा? बहुतेक पाठ्यपुस्तके असे गृहीत धरून चालतात की रांगांची नावे कार्यक्रम लिहितानाच ठाऊक असतात. स्प्रिंग या जावाच्या लोकप्रिय चौकटीत २०१४ साली आलेल्या ४.१ या आवृत्तीपासून तर एखाद्या मेथडच्या डोक्यावर ‘जेएमएसलिसनर’ ही खूण लिहावी, शेजारी रांगेचे नाव द्यावे, की काम झाले. सोय मोठी आहे आणि तिची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. परंतु व्यवहारातील नावे स्थिर राहत नाहीत. स्वतः नंदुरबार जिल्हाच १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा काढला गेला, आणि पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून. समजा, प्रत्येक जिल्ह्याच्या कामासाठी एकेक रांग राखणारा कार्यक्रम एखाद्या खात्यात चालू आहे आणि त्या रांगांची नावे कार्यक्रमाच्या मजकुरात कोरलेली आहेत. तर शासनाचे राजपत्र प्रसिद्ध झाल्यादिवशी त्या खात्याला कार्यक्रम पुन्हा लिहावा, पुन्हा बांधावा आणि चालू असलेला बंद करून नवा चढवावा लागेल, व तेवढ्या अवधीत इतर सर्व जिल्ह्यांचे कामही अकारण थांबेल. येथे गरज भासते ती कार्यक्रम न थांबवता नवा लिसनर उभा करण्याची, त्याला रांग नेमून देण्याची आणि प्रयोजन संपताच त्याला सन्मानाने कार्यमुक्त करण्याची. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तो हाच.

या विषयाचा पूर्वेतिहास पाहिला तर एक गमतीची उलटापालट आढळते. मुंबईत जन्मलेले आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले विवेक रणदिवे यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढून ‘इन्फर्मेशन बस’ नावाची जी व्यवस्था न्यूयॉर्कच्या रोखेबाजारातील पेढ्यांना पुरवली, आणि जिच्या नावावरूनच पुढे टिबको ही कंपनी ओळखली जाऊ लागली, तिच्यात ऐकणारा आयत्या वेळी ठरणे हीच मूळ कल्पना होती. दलालाने समोरच्या पडद्यावर नव्या समभागाचे नाव निवडले की त्या विषयाचे संदेश त्याच्याकडे येऊ लागत. त्याने तो सोडला की थांबत. पाठवणाऱ्याला यातले काहीही कळत नसे आणि कळण्याची जरुरीही नसे. पुढे १९९८ साली जावासाठी जेएमएस हे संदेशवहनाचे प्रमाण निघाले, आणि २००१ च्या सुमारास ‘मेसेज-ड्रिव्हन बीन’ नावाचा लिसनर सर्व्हरच्या ताब्यात देण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हा मात्र कोणत्या रांगेशी कोणी बसावयाचे हे तैनातीच्या कागदपत्रात आगाऊ लिहून देणे भाग पडू लागले. एवढेच काय, त्या सर्व्हरांच्या आवारात कार्यक्रमाने स्वतः होऊन लिसनर बसवण्यास प्रमाणाने चक्क मनाई केली. मनाईचे कारण समजण्यासारखे होते, कारण थ्रेड म्हणजे कामाचे धागे किती आणि कोणी चालवावयाचे याचा अधिकार सर्व्हरला आपल्याकडे राखावयाचा होता. तरी परिणाम असा झाला की जे दलालाच्या पडद्यावर सहज घडत होते, ते मोठमोठ्या संस्थांच्या व्यवस्थांत दुर्मीळ झाले, आणि स्प्रिंगसारख्या हलक्या चौकटींनी ते कार्यक्रमकाराच्या हाती परत आणून दिले.

लिसनर आयत्या वेळी नेमण्याच्या गरजेचे आपल्या ओळखीचे उदाहरण पुन्हा आधारच्याच क्षेत्रात सापडते. ठशांची द्विरुक्ती शोधण्याचे काम प्राधिकरणाने एकाच कंत्राटदाराच्या हाती न देता तीन स्वतंत्र प्रणालींत वाटले, आणि कोणाला किती काम द्यावयाचे हे अचूकता व वेग पाहून बदलत ठेवले. जो चांगले काम करील त्याच्याकडे अधिक काम जाईल, अशी ती योजना होती. पुढे बंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ पासून ‘मोसिप’ ही मुक्त स्रोत ओळख-प्रणाली आकाराला आली आणि फिलिपिन्स, इथिओपिया, मोरोक्को अशा देशांनी तिचा आधार घेतला. जावात लिहिलेल्या या प्रणालीत ठसे ताडणाऱ्या यंत्रणांशी बोलणारा जो मधला भाग आहे, तो अशा यंत्रणांची संख्या मुळीच गृहीत धरत नाही. प्रत्येक यंत्रणेचा ब्रोकर कोठे आहे, तिच्याकडे जाणारी रांग कोणती आणि तिच्याकडून येणारी कोणती, हा तपशील एका जेसन फायलीत असतो; कार्यक्रम सुरू होताना ती यादी वाचतो आणि यादीतील प्रत्येक नोंदीसाठी जोडणी करून एकेक लिसनर बसवतो. एखाद्या देशाने एक यंत्रणा घेतली काय किंवा तीन घेतल्या काय, कार्यक्रमाच्या मजकुरात अक्षराचाही फरक होत नाही.

चिकित्सक वाचक म्हणेल की यादी सुरुवातीलाच वाचली जात असल्यामुळे हे स्वातंत्र्य अर्धवट आहे. नवी नोंद घालावयाची तर कार्यक्रम पुन्हा सुरू करावा लागणारच. आक्षेप खरा आहे. पण माझे मत असे की निदान निम्म्या प्रसंगी एवढे अर्धे स्वातंत्र्य पुरते, आणि जेथे ते पुरते तेथे पूर्ण स्वातंत्र्याच्या मागे लागणे हा निव्वळ हौसेचा मामला ठरतो. वर्षातून एकदा येणाऱ्या रांगेसाठी रात्री दोन मिनिटे कार्यक्रम बंद ठेवणे परवडत असेल तर ते बेलाशक करावे. रांगा दिवसाकाठी निर्माण होतात आणि मिटतात, प्रत्येक ग्राहकसंस्थेला तिची स्वतंत्र रांग द्यावी लागते, किंवा एका ग्राहकाच्या सोयीसाठी बाकीच्यांना थांबवणे करारात बसत नाही, अशा ठिकाणीच पुढील सर्व खटाटोप करावा.

खटाटोपाचा पहिला भाग, म्हणजे लिसनर जन्मास घालणे, दिसतो त्याहून सोपा आहे. स्प्रिंगमध्ये प्रथम ‘एंडपॉइंट’ या नावाचे एक वर्णनपत्र तयार करावयाचे, त्यात ओळखनाम, रांगेचे नाव, एकाच वेळी किती धाग्यांनी काम करावयाचे ते आणि संदेश हाती आल्यावर चालवावयाचा मजकूर नमूद करावयाचा; मग ते रजिस्ट्री नावाच्या नोंदपत्रकाकडे सुपूर्द करून लगेच सुरू करण्याचा हुकूम द्यावयाचा, की रजिस्ट्री त्या वर्णनाबरहुकूम कंटेनर, म्हणजे लिसनरचे धागे व जोडणी सांभाळणारा भाग, घडवून त्यात लिसनर बसवते. तेच ओळखनाम दुसऱ्यांदा दिल्यास रजिस्ट्री तक्रार करून नेमणूक नाकारते, आणि ही कटकट वाटली तरी ती उपकारक आहे, कारण एकाच कामावर नकळत दोघे नेमले जाण्यापेक्षा नकार मिळालेला बरा. चौकट न वापरता थेट जेएमएसने काम करणाऱ्यांनी मात्र दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. जोडणी जन्मतः थांबलेल्या अवस्थेत असते व ती सुरू केल्याविना एकही संदेश येत नाही. आणि सेशन, म्हणजे जोडणीवर संदेश घेण्यादेण्याचे सत्र, ही एकाच धाग्याने वापरावयाची वस्तू असून ती दोन धाग्यांत वाटून घेतल्यास जे दोष उद्भवतात ते तपासणीत सापडत नाहीत, नेमके गर्दीच्या दिवशी डोके वर काढतात.

अडचणी सुरू होतात त्या लिसनर कामाला लागल्यावर. त्यांतील एक येथे मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण तिने पुष्कळांना चकवले आहे. रांगेत काम साचले म्हणून आपण त्याच रांगेवर दुसरा लिसनर नेमतो, आणि तो रिकामा बसून राहतो! पहिल्याकडे शेकडो संदेश पडून आहेत, रांगेतील संख्या तर शून्य दिसत नाही, आणि तरीही दुसऱ्याच्या वाट्याला काही येत नाही. कारण असे की ब्रोकर संदेश एकेक करून देत नाही. जाण्यायेण्याचा वेळ वाचावा म्हणून तो गठ्ठाच्या गठ्ठा आगाऊ हवाली करतो. अ‍ॅक्टिव्हएमक्यू या ब्रोकरमध्ये साध्या रांगेसाठी हा आगाऊ हवाला मुळात १००० संदेशांचा असतो, आणि रॅबिटएमक्यूबरोबर स्प्रिंग वापरल्यास २.० आवृत्तीपासून २५० चा. ज्याच्या पदरी संदेश पडले त्याने ते हातावेगळे केल्याशिवाय किंवा त्याची जोडणी तुटल्याशिवाय ते दुसऱ्यास मिळत नाहीत. संदेश क्षणार्धात निकालात निघणारे असतील तर मोठा हवाला लाभाचा. पण एकेका संदेशास अर्धा मिनिट लागत असेल, आणि लिसनर मागणीनुसार वाढवावयाचे असतील, तर हा आकडा एक किंवा अशा एखाद्या लहान संख्येवर आणल्याखेरीज गत्यंतर नाही. याच कारणास्तव स्प्रिंगच्या अधिकृत टिपणात अशी सक्त सूचना आहे की आपोआप कमीअधिक होणाऱ्या कंटेनरबरोबर जोडण्या साठवून ठेवणारी फॅक्टरी वापरू नये; साठवलेला ग्राहक, म्हणजे संदेश उचलणारा दुवा, वरकरणी निवृत्त झालेला असतो आणि त्याच्या खिशात संदेश तसेच राहून जातात.

नेमणुकीपेक्षा कार्यमुक्ती अवघड, हे जे खासगी व सरकारी चाकरीत अनुभवास येते ते येथेही तंतोतंत लागू आहे, आणि सबंध पुस्तकात माझा भर याच भागावर अधिक आहे. लिसनर थांबवा असे सांगितल्याक्षणी त्याच्या हाती एखादा संदेश अर्धवट असू शकतो. त्याला ते काम पुरे करू द्यावयाचे, की तोडून तो संदेश रांगेत परत जाऊ द्यावयाचा, याचा निर्णय आधीच झालेला असला पाहिजे. संदेशाची पोच काम संपल्यावर द्यावयाची असा नियम असेल तर तुटलेला संदेश परत येतो आणि पुन्हा कोणाच्या तरी हाती पडतो. पोच आधीच दिली असेल तर तो कायमचा गेला. थांबल्यावर कंटेनर रजिस्ट्रीतून काढणे हे निराळे काम आहे. रॅबिटएमक्यूसाठीच्या स्प्रिंगच्या रजिस्ट्रीतील ‘अनरजिस्टर’ ही क्रिया नाव काढते, पण कंटेनर थांबवत नाही, असे तिच्या टिपणातच ठळकपणे बजावलेले आहे. म्हणजे जो केवळ नाव खोडून स्वस्थ बसेल त्याचा लिसनर दप्तरी नाही आणि कामावर आहे, अशी चमत्कारिक अवस्था होईल. अशा बेवारशी लिसनरांचे धागे आणि जोडण्या साचत जातात आणि काही आठवड्यांनी मेमरी संपून सर्व्हर कोसळतो, तेव्हा दोष भलत्याच भागावर टाकला जातो.

टॉपिकवरील, म्हणजे एकच संदेश सर्व वर्गणीदारांना पोचवणाऱ्या मार्गावरील, टिकाऊ वर्गणीचे (ड्युरेबल सबस्क्रिप्शनचे) प्रकरण याहून बिकट. तेथे लिसनर मेला तरी वर्गणी जिवंत राहते आणि ब्रोकर इमानेइतबारे त्याच्या नावे संदेश साठवत बसतो. वर्गणी स्पष्टपणे रद्द केली नाही तर ब्रोकरची डिस्क भरेपर्यंत हा साठा वाढत जातो.

यातून जो निष्कर्ष निघतो तो तंत्रापेक्षा कारभाराचा आहे. कोणता लिसनर कोणत्या रांगेवर, कोणाच्या हुकमाने, कधीपासून नेमला आहे आणि तो चालू, थांबवलेला की बडतर्फ, ही नोंद कार्यक्रमाच्या स्मरणात न ठेवता डेटाबेसच्या तक्त्यात ठेवावी. कारण रजिस्ट्री ही कार्यक्रमाबरोबर जन्मते आणि त्याच्याबरोबरच मरते. कार्यक्रम पुन्हा सुरू झाला की त्याने तक्ता वाचून सर्व नेमणुका पुनश्च कराव्यात. शिवाय आजकाल एकाच कार्यक्रमाच्या चार प्रती चार यंत्रांवर चालतात आणि नव्या रांगेची आज्ञा त्यांपैकी एकीच्याच दारी येते. बाकी तिघींना ती कळण्याचा मार्ग म्हणजे प्रत्येकीने ठरावीक मुदतीने तक्ता पाहून प्रत्यक्ष स्थिती त्याच्याशी जुळवून घेणे. या पद्धतीत आज्ञा देणारा आणि ती अमलात आणणारा वेगळे राहतात, आणि एखादी आज्ञा हरवली तरी पुढच्या फेरीत चूक दुरुस्त होते. दोन प्रतींनी तोच संदेश दोनदा हाताळण्याचा संभव मात्र कोणत्याही उपायाने पूर्ण नाहीसा होत नाही. तेव्हा प्रत्येक संदेशास ओळखक्रमांक असावा आणि हातावेगळ्या झालेल्या क्रमांकांची नोंद राखून तोच क्रमांक पुन्हा आल्यास काम न करता पोच द्यावी, हा दंडक पाळणेच इष्ट. जो संदेश पुन्हा पुन्हा अपयशी ठरतो तो बाजूला काढण्याची सोय ब्रोकरमध्येच असते. अ‍ॅक्टिव्हएमक्यूचा क्लायंट सहा फेरप्रयत्नांनंतर असा संदेश मृत-संदेशांच्या रांगेकडे पाठवण्यास ब्रोकरला सांगतो. नव्याने नेमलेल्या रांगांच्या बाबतीत ती मृत-रांग पाहणारे कोणी आहे की नाही, हे नेमणुकीच्याच वेळी ठरवावे.

सुरक्षिततेविषयी थोडकेच. रांगेचे नाव बाहेरून आलेल्या विनंतीत असेल तर ते जसेच्या तसे वापरू नये. परवानगी असलेल्या नावांच्या यादीशी ते ताडून पाहावे आणि एकूण लिसनरांच्या संख्येस कमाल मर्यादा घालावी. हे न केल्यास कोणीही चार ओळींची विनंती हजारदा पाठवून तुमचा सर्व्हर धाग्यांनी गुदमरवून टाकू शकेल.

हे पुस्तक मराठीत का, असे विचारणारे भेटतात. शहाद्यासारख्या तालुक्याच्या गावी आज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे येणाऱ्या मुलामुलींच्या घरी भिलोरी, पावरी, गुजरी किंवा अहिराणी बोलली जाते, शाळेत मराठी आणि परीक्षेत इंग्रजी. कार्यक्रमाच्या भाषेतील शब्द इंग्रजी असणे अपरिहार्य आहे आणि ते पाठ करणे फारसे कठीणही नाही. पोच आधी द्यावी की नंतर, थांबताना हातातील कामाचे काय करावे, हा जो विचार आहे तो ज्या भाषेत मनुष्य भांडतो आणि हिशेब करतो त्या भाषेत झाला तर पक्का होतो, एवढ्याच श्रद्धेने हा प्रयत्न केला आहे. याच कारणाने क्यू, लिसनर, ब्रोकर, थ्रेड हे शब्द तसेच ठेवले असून त्यांना संस्कृत वेष चढवण्याचा मोह टाळला आहे.

पुस्तकातील उदाहरणे स्प्रिंग आणि अ‍ॅक्टिव्हएमक्यू यांच्यावर बेतलेली आहेत. रॅबिटएमक्यूचे भेद जेथे महत्त्वाचे तेथे दाखवले आहेत. ती नुसती वाचू नयेत. आपल्या संगणकावर ब्रोकर चालू करावा, दोन लिसनर नेमावेत, काम ऐन रंगात असताना एकाची जोडणी मुद्दाम तोडावी आणि किती संदेश परत आले, किती दोनदा हाताळले गेले, हे स्वतः मोजावे. चौकटींच्या आवृत्त्या बदलत असल्याने एखाद्या वर्गाचे किंवा क्रियेचे नाव पुढे बदललेले आढळेल. तसे आढळल्यास, आणि विवेचनात कोठे उणीव दिसल्यास, वाचकांनी ती प्रकाशकांच्या पत्त्यावर अवश्य लिहून कळवावी.